पहिल्या रिंगला

मी मुळात भित्री. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, अर्धा जिना उतरायचा, परत वर येऊन पुन्हा एकदा ओढायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम. आई म्हणते, हे बाबांकडून आलं. बाबाही तसेच, साधा पंखा घ्यायचा तरी महिनाभर दुकानं पालथी घालणारे. अशा मुलीने युनिक्स या कॉम्प्युटर प्रणालीच्या नादी लागावं हे नवलच, कारण युनिक्स काही विचारत नाही. रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकारी, होऊन बसलात आणि चुकीची कमांड दिलीत, तर 'नक्की ना?' असं म्हणायची पद्धत त्याच्याकडे नाही. सांगितलं ते करून मोकळं. त्यामुळे एंटर दाबायच्या आधी माझा हात क्षणभर हवेतच राहायचा. साहेब चिडवायचे, "कुलदैवताला कौल लावून झाला असेल तर दाब आता."

साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका गाळ्यात. शेजारी रंगाचा कारखाना होता, त्याचा वास आमच्या डब्यातल्या भाजीलासुद्धा यायचा. ही गोष्ट गेल्या शतकाच्या अगदी शेवटच्या वर्षांतली. मोबाइल होते, पण ते बिल्डरांकडे आणि सिनेमात. गाळ्यात फोनची लाइन एकच, आणि तिच्यावरच त्या दिवशी मोडेम बसवायचा होता.

आमचं गिऱ्हाईक परदेशात होतं. तिथून त्यांनी फोन लावायचा, आमच्या मोडेमने तो उचलायचा, आणि त्यांनी थेट आमच्या वर्कस्टेशनमध्ये शिरून आम्ही केलेलं काम तपासायचं, असं ठरलं होतं. तपासणीची वेळ सकाळपासून दुपारपर्यंत कधीही. साहेबांसाठी ते काम म्हणजे गाळा चालू राहणार की बंद पडणार याचा निकाल होता. बाकीची मंडळी ठाण्यात दुसऱ्या कामावर गेलेली. युनिक्स येणारी मी एकटीच, म्हणून मला यावं लागलं. नाहीतर त्या दिवशी मी नौपाड्यात बाबांजवळ असते.

बाबांचं ऑफिस ठाण्यात. आदल्या दिवशी तिथेच त्यांच्या पोटात कळ आली आणि ऑफिसातल्या लोकांनी त्यांना रिक्षात घालून नौपाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. डॉक्टर म्हणत होते, आतड्याची काहीतरी भानगड आहे, कदाचित ऑपरेशन लागेल, पण आधी बघू. बाबांना पूर्वी एकदा हार्टचा त्रास होऊन गेलेला. त्यांना भूल सोसेल का, या एका प्रश्नाने माझी झोप उडाली होती. माझं मत होतं की घाई नको. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी ओळख काढत होते, तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवू, मग ठरवू. आई माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. आईने तोवरच्या आयुष्यात पडद्याचं कापडसुद्धा एकटीने निवडलं नव्हतं. आधी बाबांना विचारायचं, आणि मी मोठी झाल्यापासून बाबांच्या नंतर मला.

निघताना मी तिला म्हटलं, "काही लागलं तर ऑफिसात फोन कर. खालच्या बूथवरून कर."

"आणि तू नाही उचललास तर?"

"मी फोनला चिकटूनच बसणार आहे गं आज."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

मोडेम म्हणजे शाळेच्या डब्याएवढी काळी पेटी, पुढे लाल दिव्यांची ओळ. त्याच्याशी बोलायचं ते टाइप करून. 'एटी' लिहिलं की त्याने 'ओके' म्हणायचं. माझा पहिला तास त्या 'ओके'ची वाट बघण्यात गेला, कारण बरोबर आलेली केबल चुकीची निघाली. दुसरी केबल शोधली, जोडली, आणि पेटी 'ओके' म्हणाली तेव्हा साहेबांनी टाळी वाजवली. मग मशीनला सांगायचं की या पोर्टवर कान देऊन बस, कोणी आलं तर नाव आणि पासवर्ड विचार. हेही झालं. मला मात्र ते घराचं दार उघडं टाकून बाजारात गेल्यासारखं वाटत होतं. जगातल्या कोणीही आमचा नंबर फिरवावा आणि आत यावं.

खरी भीती वेगळीच होती. मोडेमने फोन उचलला की लाइन त्याची. आमचा टेलिफोन मोडेमच्या पाठीला जोडलेला होता, त्यामुळे पेटीने लाइन पकडली की रिसीव्हर मुका. म्हणून मी पेटीला सांगून ठेवलं होतं की पाच रिंगा वाजू दे, मगच उचल. पाच रिंगांत मी धावत जाऊन रिसीव्हर उचलू शकत होते. आईचा फोन असला तर बोलायचं, गिऱ्हाइकाचा असला तर ठेवून द्यायचा, ते पुन्हा लावतील. माझ्या मते हा चोख बंदोबस्त होता.

अकराच्या सुमाराला गिऱ्हाइकाच्या माणसाचा साहेबांना फोन आला. तो वैतागलेला होता. त्यांचं मशीन इतक्या रिंगा थांबतच नाही, त्याआधीच सोडून देतं. पहिल्या रिंगला उचला, आम्ही दुपारच्या आत पुन्हा लावतो.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बाबांचं माहीत होतं. ते म्हणाले, "दीड-दोन तासांचा प्रश्न आहे. मग मी स्वतः तुला ठाण्याला सोडतो."

मी पाचाचा एक केला. एंटरवर हात नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मग दाबला.

त्यानंतर मी आणि साहेब त्या पेटीकडे बघत बसलो. मी मनात म्हणत होते, आई, आत्ता नको. साहेब मनात काय म्हणत होते ते माहीत नाही, पण त्यांनी चहा केला आणि प्यायला विसरले.

रिंग वाजली. एकच. पेटीत खट्ट झालं, दिवे पेटले. मोडेम फोन उचलल्यावर लगेच ओरडत नाही, आधी एक-दोन सेकंद गप्प राहतो. लाइनवर काय चाललंय ते कळावं म्हणून त्याला एक छोटा स्पीकर असतो. त्या गप्प वेळात स्पीकरमधून आवाज आला.

"हॅलो? अगं, बाबांचं..."

आणि मग मोडेम किंचाळला.

मी रिसीव्हर उचलला. मुका. मुका असणार हे मलाच माहीत होतं, तरी मी त्यात "आई, आई" म्हणून ओरडत होते. पेटीतून ती किंचाळी चालूच होती आणि तिच्या खाली आईचा आवाज, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. साहेबांनी हात घालून पेटीचं बटणच बंद केलं. रिसीव्हर जिवंत झाला, पण त्यात फक्त डायल टोन होता. आईने फोन ठेवला होता.

बाबांचं काय?

आमच्या घरात वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. तुमच्याही नसतील सांगत. आजोबा गेले तेव्हा गावाहून काकांचा फोन आला होता, 'तब्येत जरा जास्त आहे, निघून या.' बाबांनी फोन ठेवला आणि काही न विचारता कपाटातून साधा सदरा काढला. 'तब्येत जास्त आहे' याचा अर्थ घरातल्या लहान पोरांनाही कळतो. मी आईचं वाक्य पुरं करून बघत होते. बाबांचं दुखणं वाढलंय. बाबांचं ऑपरेशन ठरलंय. बाबांचं सगळं ठीक आहे. प्रत्येक वेळी शेवटी तेच यायचं, बाबांचं जरा जास्त आहे, निघून ये.

साहेबांनी मोडेमची वायर काढून टेलिफोन थेट भिंतीत लावला. "आता येईल परत," ते म्हणाले. गिऱ्हाईक कधीही फोन करेल आणि मोडेम बंद आहे, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आम्ही वाट बघितली. फोन वाजला नाही. मी नर्सिंग होमचा नंबर फिरवला, एंगेज. पुन्हा फिरवला, एंगेज. आई परत का करत नव्हती? काही सांगायचं असेल तर माणूस दुसऱ्यांदा लावतोच. लावत नाही तेव्हा एकतर सांगायचं काही उरलेलं नसतं, नाहीतर सांगणारा हात-पाय गळून बसलेला असतो. असं मला त्या वेळी वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ते डोक्यातून जाईना.

"चल," साहेब म्हणाले. निघताना त्यांनी मोडेम पुन्हा लाइनला जोडला आणि चालू करून ठेवला. गिऱ्हाइकाने त्या दुपारी फोन लावला, आत शिरून सगळं तपासलं आणि 'छान' असा शेरा ठेवून ते गेले, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. गाळ्यात तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून मी शीळफाट्याहून मुंब्र्याकडे, मुंब्र्याहून कळव्याकडे निघाले. मला आठवतं, मी सगळा रस्ता बाबांच्या चपलांचा विचार करत होते. त्यांना ऑफिसातून उचलून नेलं तेव्हा चपला पायात होत्या का? कॉटखाली होत्या का? कोणी नीट ठेवल्या असतील का? इतक्या मोठ्या भीतीत माणूस चपलांना कशाला धरून बसतो कोण जाणे. बहुधा दुसऱ्या कशालाही हात लावायची हिंमत होत नसते. कळव्याच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. साहेब हॉर्न वाजवत होते आणि मला वाटत होतं, अडकू दे. इथे आहे तोवर बाबा आहेत. तिथे पोचले की कळेल.

नौपाड्यात नर्सिंग होमच्या दारात साहेबांनी मला उतरवलं. मी जिना धावत चढले. बाबांची कॉट रिकामी होती. चादर काढलेली, गादी उघडी, उशी नाही. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. मी गादीला हात लावला. गार होती.

"ए, तिकडे कुठे?" मागून सिस्टर म्हणाली. "त्यांना आत घेतलंय. तुझी आई बघ त्या टोकाला बसलीये."

आई ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर बाकावर बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. मला बघून ती उठली नाही.

"मी सही केली," ती म्हणाली.

"कसली?"

"ऑपरेशनची. सकाळी एकदम पोट फुगलं त्यांचं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता करायला पाहिजे, हार्टचं काय व्हायचं ते होईल. तुला फोन केला तर कानात काहीतरी किंचाळलं बाई. मग वर आले आणि दिली करून सही."

मी तिच्या शेजारी बसले. मला तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं, पण माझे दातच वाजत होते. तिने माझा हात धरला. तिचा हात कोरडा आणि स्थिर होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली, कारण आईचा असा हात मी कधी धरला नव्हता. त्या बाकावर आम्ही किती वेळ होतो ते सांगता येणार नाही. दार उघडलं की दोघी उभ्या राहायचो. कोणी ट्रे घेऊन जायचं, कोणी बाटली घेऊन यायचं. परत बसायचो.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी कपाळ पुसलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघूच शकले नाही, त्यांच्या पायांतल्या रबरी सपातांकडे बघत राहिले.

"निभावलं," ते म्हणाले. "आतड्याला पीळ पडला होता, काळं पडायला लागलेलं. वेळेत सही दिलीत. मुंबईला वगैरे हलवायच्या विचारात राहिला असतात तर..." पुढचं त्यांनी हाताने सांगितलं.

ते आत गेले. मी बाकावर बसले. दिवसभर घाबरले नव्हते इतकी मी तेव्हा घाबरले. बाबा वाचले होते, आणि मला दरदरून घाम फुटला होता.

"अगं, आता काय झालं? झालं ना सगळं नीट," आई म्हणाली.

"आई, तुझा फोन मला लागला असता ना, तर मी तुला सांगितलं असतं, थांब. सही करू नकोस, मी येते, आपण मुंबईला नेऊ. नक्की हेच सांगितलं असतं मी."

आईने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"माहितेय मला," ती म्हणाली. "बूथवाला म्हणत होता, फॅक्स लागला असेल, पुन्हा लावून देतो. मी म्हटलं, नको, राहू दे."