वाळूतल्या कुबड्या

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं.

साठच्या दशकात मी मुंबईत फिजिओथेरपी शिकत होतो, तेव्हा घिवलीचा एक कोळी माझ्याकडे सोपवला होता. होडीखाली चिरडलेला त्याचा पाय कापावा लागला होता. वॉर्डातल्या गुळगुळीत फरशीवर मी त्याला कुबड्यांनी चालायला शिकवलं. रोज तो बंडीच्या टोकाने कुबड्या पुसायचा आणि म्हणायचा, "डाक्टर, दिवाळीला दर्यावर जातो का नाय बगा." परीक्षकांसमोर तो ताठ चालला आणि मी पास झालो.

पुढच्या हिवाळ्यात भावाकडे तारापूरला गेलो, तेव्हा त्या कोळ्याला भेटायला जवळच्या घिवलीच्या किनाऱ्यावर गेलो. त्या कुबड्या वाळूत रोवल्या होत्या आणि त्यांना बांधलेल्या दोरीवर बोंबील वाळत होते. होडी त्याच्याशिवायच समुद्रात गेली होती. मला पाहून तो हातांवर भार देत, बसल्या बसल्या सरकत आला.

"रागवू नका, डाक्टर," तो मान खाली घालून म्हणाला. "तुमी नीट शिकवलंत. रेतीत रुततात, मलाच जमत नाय."

शिकवताना वाळू माझ्या मनातही आली नव्हती. त्याची माफी मागायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सराव कमी पडतोय तुझा."