अकबरीचं दोन तोळे सोनं

मेहरूणच्या त्या गल्लीत गाद्या भरणाऱ्या सरदारभाईंची एकच फुशारकी होती आणि ती त्यांनी चाळीस वर्षं मिरवली. "आपण कुणाचं काही देणं लागत नाही!" कापूसवाल्याला रोख, दूधवाल्याला एक तारखेला. चहाच्या टपरीवरसुद्धा आधी पैसे, मग कप. आणि घरात बायको अकबरी गादीला टाके घालत हे ऐकायची. तिच्या निकाहनाम्यात मेहर म्हणून दोन तोळे सोनं लिहिलेलं होतं. नवऱ्याने बायकोला द्यायचा तो तिचा हक्क, म्हणजे देणंच की! पण त्यातली गुंजही तिच्या हाती पडली नव्हती. विचारलं की सरदारभाई हसून म्हणायचे, "पुढच्या ईदला." अशा किती ईद गेल्या, बाई मोजायचीच थांबली.

मग कापसाच्या धुळीने सरदारभाईंची छाती भरली आणि एका सकाळी ते गेले.

मयत गल्लीत ठेवलेली, माणसं जमलेली. जनाजा उचलायच्या आधी बायकोने मेहर माफ करायची, म्हणजे मेलेल्याच्या मानेवर ओझं राहत नाही, अशी तिकडची जुनी रीत. नणंद नाजमीनने आत येऊन अकबरीचा हात धरला. "भाभी, मेहर माफ केली म्हण. सगळ्या म्हणतात."

अकबरीने हात सोडवून घेतला.

"म्हण ना! माणूस बाहेर ताटकळतोय."

काय म्हणणार होती ती? आदल्या आठवड्यातच मुलगा मोईज बापाच्या उशाशी बसून काकांशी बोलत होता. घर विकायचं, अम्मीला धुळ्याला देवपूरला आपल्या घरी न्यायचं, जिन्याखालच्या खोलीत तिची खाट बसेल. खाट बसेल! तिला विचारलं कुणी? अख्ख्या जन्मात तिच्या नावाचं असं ते दोन तोळेच होते, तेही कागदावर. ते सोडले तर सुनेच्या दारात ती रिकाम्या हाताने उभी राहणार होती. आणि सोडले नाहीत तर? चाळीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं तो माणूस अडकून पडणार, असं सगळ्या सांगत होत्या.

एवढ्यात बाहेर मोईजचा आवाज आला. रिवाजाप्रमाणे त्याने जमलेल्यांना विचारलं, "माझ्या अब्बांकडे कुणाचं काही निघत असेल तर आत्ता सांगा. मी फेडीन."

शेजारचे उखर्डू आबा गहिवरून म्हणाले, "सरदारभाऊकडे कोनं काय निंघी? बठ्ठं मेहरूण जानस."

सगळं मेहरूण जाणतं, या बोलावर लोकांनी माना डोलावल्या. आणि ती डोलणारी डोकी दाराच्या फटीतून बघून अकबरीचं टाळकंच सणकलं. पडदा बाजूला सारून ती उंबऱ्यात आली.

"माझं निघतं," ती म्हणाली. "दोन तोळे. मेहरचे."

मोईजचा चेहरा पांढराफटक पडला. मौलानांनी खाली बघत सांगितलं, "हक्क आहे बाईचा. नाकारता येत नाही." कापडवाले हस्तीमल शेठ पुढे सरसावले, "भाभी, मी देतो, पण आता मयत उचलू द्या." अकबरीने मान हलवली. "शेठजी, तुमच्याकडे माझं काही नाही."

शेवटी मोईज दात आवळून बोलला, "अब्बांचं देणं माझ्यावर." जनाजा उठला.

दफन करून आल्यावर तो आईजवळ आला. "तू अब्बांना चार माणसांत नागवं केलंस," एवढंच म्हणाला आणि धुळ्याची गाडी धरली. चाळिसाव्या दिवसाच्या विधीलाही आला नाही. घर मात्र विकलं नाही. विषयच काढला नाही पुन्हा. अकबरी तिथेच राहिली, टाके घालत.

पण पोरगा बापाचाच! त्या दिवसाच्या भावाने सोन्याचे दीड लाख धरून त्याने दर पाच तारखेला सहा हजार पाठवायला सुरुवात केली. पैसे जमा झाले की अकबरीचा फोन किणकिणायचा. फोन करून कधी बोलला नाही, ईदलाही नाही. तरी अकबरी चार तारखेपासून फोन उशाशी घेऊन बसायची. तो वाजला की म्हणायची, "ठीक आहे म्हणजे पोरगा." पैशांना तिने हात लावला नाही.

पंचविसावा हप्ता आला. पुढच्या महिन्यात पाच तारीख गेली, सहा गेली, सात गेली. आठ तारखेला तिने शेजारच्या महेकला बोलावलं. "मोईजला लिही, अजून बाकी आहे म्हणावं."

महेक चपापली. "खाला, पंचवीस झाले की. सगळे फिटले."

"मला कळतं गं," अकबरी म्हणाली. "तू लिही."

महेकने लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं. पंचवीस हप्त्यांची यादी, तारखांसकट, आणि खाली एक ओळ. महेकने ती वाचून दाखवली नाही. अकबरीने दोनदा विचारलं, तेव्हा वाचली.

"आता आपला काही संबंध उरला नाही."