बिरूदादांचं ‘व्हय’

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, आणि ज्यांच्या हाताखाली मी हाडांवरचं संशोधन शिकले त्या सरांपाशी तर नाहीच. उद्या सरांना सांगायचंय. त्याआधी तुम्हाला सांगते — एकदा नीट उच्चारून बघते.

आधी कामाचं. कराडच्या आमच्या प्रयोगशाळेत मी एक भुकटी बनवते, काचेच्या जातीची. मोडलेल्या हाडाच्या फटीत ती भरायची. शरीर तिला परकं मानत नाही. तिच्या आधारानं नवं हाड धरतं आणि ती हळूहळू विरघळून जाते. हळूहळू — सगळी गोम इथेच आहे. हाड भरण्याआधीच ती विरघळली, तर आत पोकळी राहते आणि पाय वजन पेलत नाही.

चाचणी मेंढ्यांवर होती, शिरवळकडे. मेंढ्या आटपाडीच्या बिरूदादांच्या कळपातल्या. मी मूळची पलूसची, त्यांच्याच जिल्ह्यातली, म्हणून त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे. माणूस मोठा विश्वासाचा; मला आपल्यातलीच समजायचे. बाकी मेंढ्या छान बऱ्या झाल्या. एक तेवढी लंगडायला लागली. तिचा एक्स-रे बघितला आणि मला तिथल्या तिथे कळलं, की भुकटी लवकर विरघळलीय. मग मी काय केलं? सरांना म्हणाले, जुनं दुखणं असणार, तपासणीत सुटलं असेल. जुना दोष निघाला की ते जनावर हिशेबात धरत नाहीत, हे मला माहीत होतं.

सर म्हणाले, मालकाला विचार. त्यांच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. दादांना विचारलं, ती मेंढी आधीपासूनच लंगडत होती ना?

“व्हय?” दादा म्हणाले.

सर तमिळनाडूचे. ‘व्हय’ म्हणजे ‘हो’, हे त्यांना मीच शिकवलेलं. पण आमच्याकडे व्हय दोन तऱ्हेनं म्हणतात. आवाज खाली उतरला तर होकार. वर चढला तर — असं कोण म्हणतंय? आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. मला कळला नव्हता? चांगला कळला होता.

“माझ्याकडनं नेली तवा सगळ्यांच्या म्होरं पळत हुती की, ताई,” दादा पुढं म्हणाले. एवढं मराठी सरांना समजत नव्हतं. हो म्हणतोय ना, त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

ती मेंढी वगळून चाचणीवरचा आमचा पेपर छापून आला. मला कायमची नोकरी लागली. दादांकडून मेंढ्या घेणं बंद झालं, आणि का बंद झालं ते कसं कुणास ठाऊक, आटपाडीच्या बाजारापर्यंत पोचलं. गिऱ्हाईक त्यांच्या जनावरांचे पाय दाबून बघायला लागलं. एकदा त्यांचा फोन आला. “लंगडं जनावर इकलं म्हनून माझं नाव कुनी सांगितलं, ताई? तुमी?” मी म्हणाले, “न्हाई, दादा.” त्यांच्याच बोलीत म्हणाले, म्हणजे त्यांना खरं वाटेल. या ‘न्हाई’ची लाज मला पेपरापेक्षा जास्त वाटते.

आता ती भुकटी माणसांच्या हाडात घालायचं ठरतंय. उद्याच्या बैठकीत माझी सही हवीय. कुणाचीतरी मांडी असेल, तो विश्वासानं पाय टेकवेल — आणि आत पोकळी? माझ्यादेखत? नाही. ती सही मी करणार नाही. का करत नाही, ते सगळ्यांसमोर सांगेन. पेपर मागे घ्यायचाय. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

आणि शनिवारी आटपाडीचा बाजार. दादा जिथं मेंढ्या घेऊन उभे असतात तिथं जाईन, गिऱ्हाईक उभं असताना, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन — मेंढी धडधाकट होती. भुकटी माझी कच्ची होती. दादा हो म्हणाले नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं.