परकीच्या हातचा घास

उझगेन गावच्या बाजारात अनारकानचा चक्का हातोहात खपायचा. उशिरा येणाऱ्या बायका रिकामं भांडं घेऊन परत जायच्या, आणि ही आपला सोन्याचा दात दाखवत हसायची. हाताच्या चवीचा तिला गर्व होता, आणि तो काही खोटा नव्हता. म्हणूनच सख्ख्या नवऱ्यानं तिच्या जेवणाकडे पाठ फिरवली, तेव्हा ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

साबिरकुल बसचा ड्रायव्हर, जन्मभर खाण्याचा शौकीन. पोटाचा कॅन्सर निघाला आणि माणूस वाळत चालला. ओश शहरातल्या इस्पितळात सर्जन म्हणाले, वजन घसरायचं थांबलं तरच ऑपरेशन करता येईल. झालं, अनारकाननं कंबर कसली. शेपटीची चरबी घातलेला मेंढीचा रस्सा ती डबे भरभरून आणू लागली. झाकण निघालं की साबिरकुल भिंतीकडे वळायचा.

"अहो, दोन घोट तरी घ्या."

"ने ते, म्हातारे. वासानंच ढवळतंय."

एके दुपारी ती जरा लवकर पोचली, तर उशाशी नर्स मेरीम बसलेली. रुग्णांच्या खाण्यापिण्याचं बघणं हे तिचं काम. पण अनारकानला दिसलं ते भलतंच: डोक्याला रुमाल नाही, नखं लालभडक, शिवाय ही म्हणे नवरा सोडून आलेली. तिच्या हातात एवढीशी वाटी, आणि साबिरकुल खात होता! वर हसतही होता. अनारकानच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या हातचं नकोसं होतं," मेरीमची पाठ वळताच ती तडकली, "आणि लाल नखांचं गोड लागतं, काय?"

"काहीतरी बरळू नकोस. परकी बाई ती. थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणते, आके, नुसती चव घ्या. पुढं केलेली भाकरीसुद्धा आपल्यात कुणी चाखल्याशिवाय उठत नाही, मग तिला नाही कसं म्हणू? तोंडात माती घोळवल्यासारखं लागतं, तरी गिळतो. तुला मात्र हक्कानं नको म्हणता येतं."

दुसरी एखादी बायको हे ऐकून विरघळली असती. अनारकान आणखी पेटली. जन्मभर चूल फुंकली ती काय नकार ऐकायला? तिनं मेरीमला बाहेर गाठलं.

"काय गं, काय चारतेस त्यांना?"

"दही, एजे," मेरीम थोरल्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाली. "गार आणि थोडंथोडं, दिवसातून पुष्कळदा. गरम चरबीचा वास त्यांना सोसत नाही. पण आमचं दही पांचट. आके खातात, तरी वजन उतरतंच आहे." मेरीमचा आवाज पडला. "घासाघासात ताकद हवी. माझ्याकडे तसं काही नाही."

ते ऐकून अनारकानला आधी बरंच वाटलं. खरंच बरं वाटलं. मग उतरतंय ते कुणाचं वजन, हे ध्यानात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं घट्ट चक्का आणला. नेहमीचं मीठ न घालता, त्यात साय, मध आणि बारीक वाटलेले अक्रोड. मेरीमनं चाखून मान डोलावली.

"वा, एजे! चला, द्या त्यांना."

"मी नाही, तू द्यायचास. तुझा म्हणून." तिनं डबा मेरीमच्या हातात कोंबला. "आणि माझं नाव काढलंस, तर याद राख!"

त्यानंतर रोज ती हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसायची आणि परकी बाई तिच्या नवऱ्याला तिचाच घास भरवायची. एकदा मेरीमनं त्याच्या ओठाला लागलेला मध पुसला. अनारकानला वाटलं, वाटी हिसकावून घ्यावी. ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

वजनाचा काटा आधी थांबला, मग अगदी थोडासा वर सरकला. सर्जन ऑपरेशनला तयार झाले. त्या दिवशी साबिरकुलनं वाटी बोटानं पुसून खाल्ली.

"म्हातारे," तो म्हणाला, "या पोरीच्या हाताला काय चव आहे! शिकून घे जरा तिच्याकडून. घरी गेल्यावर मला असंच लागेल."

मेरीमनं बोलायला तोंड उघडलं. अनारकाननं तिच्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं. घराचं नाव साबिरकुलनं इतक्या दिवसांत एकदाही काढलं नव्हतं.

"शिकते की," अनारकान म्हणाली. "सांग गं मेरीम, कसं करतेस ते?"