फक्कीचं समाजमंदिर

जे अजून बांधलेलंच नाही त्यात बिनधास्त राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. खाडीपूल ओलांडला की चिखल, मिठागरं, भाताची खाचरं आणि मधूनच चार-दोन नव्या इमारती, एवढीच काय ती आमची नवी मुंबई. आम्ही दोघं तिचे नकाशे काढायचो. मी काढून मोकळा व्हायचो. हा पठ्ठ्या मात्र कागदावर रस्ता आखला की दुसऱ्या दिवसापासून त्याच रस्त्यानं चालायचा. समोर नुसतं मोकळं रान, तिरकं गेलं तर साइट पाच मिनिटांवर, पण छे! हा काटकोनात वळणार. एकदा मी सरळ निघालो तर कॉलर धरून मला मागे ओढलं. "अरे, दवाखान्यात घुसतोयस! आत पेशंट असतात!" टपरीवर चहा पिताना त्यानं टपरीवाल्याला "तुम्ही फुटपाथवर आहात" असं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की त्या बिचाऱ्यानं टपरी हातभर मागे घेतली. फुटपाथ यायला पुढे कितीतरी वर्षं लागली, पण आला तो बरोबर टपरीच्या पुढ्यातून! असल्या माणसाला हसावं की हात जोडावेत, मला कधी ठरवता आलं नाही.

आणि त्यानं आखलेली रेघ कोणी हलवायची नाही. साहेबांनी एकदा त्याच्या ड्रॉइंगमधला संडास इकडचा तिकडे केला, तर हा तीन दिवस रजेवर. चौथ्या दिवशी साहेबांनीच संडास परत जागेवर आणला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

अशा माणसाच्या प्रेमात कोण पडणार, असं आम्हाला वाटायचं. पण पडली. वनिता, शेजारच्या गावातल्या आगरी शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. जमीन शहरासाठी गेल्याचा राग तिचे वडील आमच्या खुंट्यांवर काढायचे. आम्ही मापं घेऊन रोवायच्या, त्यांनी उपटून फेकायच्या. आणि वनिता त्या गोळा करून, नंबरांप्रमाणे लावून, ऑफिसात आणून द्यायची. "बाबांचा राग हाय तो हाय," ती म्हणाली, "पन तुमचा नंबर चुकाया नको." झालं! आमचा गडी तिथेच गारद. त्यानं तिला लिहिलेलं पहिलं पत्र मी पाहिलंय. स्टेन्सिलनं काढल्यासारखी रेखीव अक्षरं, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

वडिलांनी लग्नाला होकार दिला, कारण पोरीपुढे त्यांचं काही चालत नसे. घोडं अडलं जागेपाशी. कापणी झाल्यावर आपल्याच शेतात आपला मांडव पडणार, हे वनितानं लहानपणापासून धरून ठेवलं होतं. ते शेत आता आमच्या नकाशात गेलेलं, आणि नेमकं तिथेच माझ्या मित्रानं समाजमंदिर काढलेलं. "मग अडचण काय?" हा म्हणाला. "तिचं शेत आणि माझं समाजमंदिर एकच की!" अडचण अशी, की जमीन गेली त्या दिवशी वडिलांनी शपथ घेतली होती. "त्या जाग्याव मी पाय ठेवनार नाय," आताही ते म्हणाले. "तुमी लगीन लावा, मी बांदावशी बघीन." वनिता म्हणाली, "बाबा आत नाय आलं तर मी लग्नाला उभी राहनार नाय." बापलेक दोघं एकाच मातीचे. माझा मित्र दोघांनाही समजावत बसला नाही. त्यानं पत्रिका छापल्या. स्थळ: समाजमंदिर, आणि पुढे प्लॉट नंबर. ही इमारत अजून झालेली नाही, हे काही त्यात छापलं नव्हतं.

माघी पौर्णिमा, दुपारी बाराचा मुहूर्त. खाडीवरचा वारा असा गार, की भरदुपारी ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. गेलो तर मोकळं खाचर, आणि जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं आखलेलं अख्खं समाजमंदिर! भिंती, खिडक्या, स्टेज, खाडीच्या अंगाला दरवाजा. साताऱ्याहून आलेली त्याची आई पैठणी सावरत रेघ ओलांडून आत शिरली, तर हा मुंडावळ्यांसकट ओरडला, "आई, भिंतीतून काय येतेस!" ती माउली मुकाट्यानं वळसा घालून दारातून आली. मग सगळेच दारातून यायला लागले. दाराबाहेर चपलांची रास पडली. मीही काढल्या. आत गेल्यावर मला तर वारासुद्धा कमी झाल्यासारखा वाटला, देवाशपथ! भटजी नव्हते. आगऱ्यांच्या रीतीप्रमाणे धवलारीण, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी म्हातारी, खणखणीत आवाजात धवले म्हणत होती. वडील पलीकडच्या बांधावर हाताची घडी घालून उभे. मुहूर्त आला. धवलारीण थांबली. वनिता मान खाली घालून बसली होती, ती उठेना. माझ्या मित्राचा चेहरा फक्कीसारखा पांढरा पडला.

आता पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला चढते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आमच्या नकाशात खाडी म्हणजे निळी पट्टी, आणि ती जागची हलत नाही. आधी दाराबाहेरच्या चपला तरंगल्या. मग पाणी दारातून आत यायला लागलं.

"आरं, ततं उघाडी हाय!" बांधावरून वडील ओरडले. उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची लाकडी झडप. शेत गेल्यापासून तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "कंच्या येड्यानं दार उघाडीच्या तोंडाव काडलाय?"

आम्ही सगळे सुशिक्षित नुसते बघत राहिलो. त्यांना मात्र आपल्या शेतात खारं पाणी शिरताना बघवलं नाही. धोतर खोचून ते धावत सुटले, ते थेट भिंत, स्टेज, पुन्हा भिंत तुडवत उघाडीपाशी, आणि गुडघाभर चिखलात उतरून झडप दाबून धरली. आईला भिंतीतून येऊ न देणारा माझा मित्र त्यांच्यामागून त्याच भिंती तुडवत गेला आणि त्यांना मातीचे गोळे देत बसला. पाणी थांबलं. मग वडिलांना कळलं, आपण कुठे उभे आहोत ते. ते बराच वेळ पायाखाली बघत होते.

"दार पान्याकडं नसतं ठेवाचं," अखेर ते म्हणाले. पूर्वेच्या भिंतीपाशी गेले आणि टाचेनं मातीवर दोन खुणा केल्या. "हतं ठेव."

संडासासाठी तीन दिवस रजा घेणारा माणूस हा! त्यानं फक्कीचं घमेलं उचललं. "किती रुंद ठेवू, बाबा?"

"जोडीनं भायेर पडाल एवडा."

त्यानं गुडघ्यावर बसून जुनं दार बुजवलं, पूर्वेची रेघ हातानं पुसली. वडील बाहेर गेले, कोणीतरी दिलेल्या तांब्यातल्या पाण्यानं पाय धुतले, आणि त्या नव्या दारातून आत आले. वनिता उभी राहिली. धवलारिणीनं पुन्हा आवाज लावला. मी ढसाढसा रडलो. का, ते विचारू नका.

पुढे समाजमंदिर खरंच झालं, पण ते बघायला वडील राहिले नाहीत. दार पूर्वेलाच आहे. तिथून आत जाताना माझा हात अजून चपलेकडे जातो. एकदा ऑफिसच्या कपाटात त्या इमारतीचं मूळ ड्रॉइंग सापडलं. खाली बदलांची नोंद करायचा तक्ता असतो, त्यात माझ्या मित्रानं लिहिलं होतं, दरवाजा पश्चिमेऐवजी पूर्वेला. साहेबांची सही होती. आणि कारणाच्या रकान्यात, त्याच्या त्या रेखीव अक्षरांत, एवढंच: जमिनीच्या मालकांनी जागेवर दाखवल्याप्रमाणे.