न उजळलेली बाजू

पडद्यावर काहीच दिसत नसले, की त्या हातमोजे घातलेले दोन्ही हात छातीशी जुळवून उभ्या राहत आणि उतावळ्या सहाय्यकाला तमिळमध्ये सांगत, "थांब. ती वाट शोधते आहे."

ती म्हणजे लसिका, शरीरातून पाझरत ग्रंथींकडे वाहणारा द्रव. तंजावूरच्या एका रुग्णालयात स्त्रियांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या या डॉक्टरबाईंसाठी मी कॅमेरा सांभाळत असे. गर्भाशयाच्या मुखाशी हिरवा रंग टोचायचा. तो लसिकेबरोबर वाहत पहिल्या ग्रंथीपर्यंत पोचतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, फक्त पडद्यावर, उजळतो. रोग पसरलाच, तर बहुधा आधी तिथेच जातो. म्हणून तेवढीच ग्रंथी काढून तपासायची, बाकीच्या राखायच्या. एखादी बाजू उजळलीच नाही, तर मात्र त्या बाजूच्या सगळ्या काढायच्या, हा त्यांचा नियम. मग पाय जन्मभर सुजण्याची भीती.

म्हणूनच जुनी रुग्ण आली, की "कशी आहेस?" याआधी त्या म्हणत, "पाय दाखव." नडगीवर अंगठा दाबत. पापनाशमची एक भाताची लावणी करणारी बाई त्यांना म्हणाली होती, "काय हवं ते काढा, पण मला चिखलात उभं राहायचं आहे." ते त्या विसरल्या नाहीत.

आम्हा दोघींची घरे राजवाड्यामागच्या, जुन्या मराठी वस्तीच्या गल्ल्यांतली. मी त्यांना अक्का म्हणे. त्यामुळे इतरांशी तमिळ बोलणाऱ्या अक्का मला रागवत त्या मराठीत, आवाज न चढवता. "काय गे, कॅमेरा धरल्येस की पंखा?" नर्सना वाटे, आम्ही सांबाराविषयी बोलतो आहोत.

मग त्यांनाच गर्भाशयाचा कर्करोग निघाला. चेन्नईला जायला त्या तयार नव्हत्या. "तिथं मला कोण भितो? इथं निदान धाक आहे." भूल देण्यापूर्वी त्यांनी मला जवळ बोलावले आणि मराठीत म्हणाल्या, "नाही दिसलं, तर नाही म्हण. माझ्यासाठी हिरवं शोधू नकोस."

उजवी बाजू लगेच उजळली. डावी नाही. पुन्हा रंग टोचला, वाट पाहिली. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने माझ्याकडे पाहिले.

"कडेला पुसटसं काही आहे ना?"

तिथे सांडलेल्या रंगाची झाक होती, ग्रंथी नव्हती. मी 'हो' म्हणावे, एवढेच त्याला हवे होते.

"नाही," मी म्हणाले.

मग त्याने डावीकडच्या सगळ्या ग्रंथी काढल्या.

तपासणीत उजवीकडच्या उजळलेल्या ग्रंथीत रोग सापडला. डावीकडच्या सगळ्या स्वच्छ होत्या. हे अक्कांना मीच सांगितले.

"म्हणजे डावीकडचं उगीच गेलं."

"हो, अक्का."

"तू बरोबर सांगितलंस. बैस, कॉफी घे."

डावा पाय सुजला तो सुजलाच. टेबलापाशी तासन्‌तास उभे राहणे संपले. काही दिवस त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसून पडदा पाहत. सहाय्यक चुकला, की त्यांची बोटे मांडीवर हलत. रोग फुप्फुसांत पोचल्यावर तेही थांबले.

त्या गेल्यानंतर धाकट्या बहिणीने त्यांच्या साड्या वाटून टाकल्या आणि मला एक खोका दिला. सुजलेल्या पायासाठी अक्का एकाच चपलेचे दोन मापांचे जोड घेत आणि प्रत्येकातली एकेक वापरत. खोक्यात उरलेल्या दोन होत्या, कोऱ्या.

"कोणाला तरी देऊन टाक," बहीण म्हणाली.

मी त्या पायरीवर शेजारी-शेजारी ठेवल्या. उजवी मोठी होती. डावी अक्कांच्या आधीच्या पायाच्या मापाची होती.