नागावच्या वाडीतलं रशियन नाटक

मधुकर सर पहिल्यांदा आमच्या फाटकाशी आले तेव्हा मी त्यांना जमिनीचा एजंट समजले. इस्त्रीचा शर्ट घालून माडांकडे मान वर करून बघणारा माणूस नागावात दुसरा कोण असणार? वाडी विकायची नाही, चालू पडा, असं मी ओटीवरूनच सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मला वाडी विकत नको. ती विकली जाताना दाखवायची आहे."

एका जुन्या रशियन नाटकात मोठ्या घराण्याची फळबाग लिलावात जाते. सरांनी ती बाग नागावात आणली. फळझाडांच्या जागी माड-पोफळी आल्या, घेणारा रिसॉर्टवाला झाला आणि घरातली जुनी मोलकरीण मी. मला वाचता येतं ते एसटीच्या पाटीपुरतं. सर रोज ओटीवर बसून माझी वाक्यं माझ्याकडून घोटून घेत. नाटकात काम करणारी अलिबागची शिकलेली पोरं फिसकन हसली, की तेच वाक्य आधी त्यांना म्हणायला लावत. मग हसू आपोआप बंद.

गावाला मात्र हे रुचलं नव्हतं. कितीतरी जणांनी वाड्या विकल्यात. आमची चेष्टा करायला नाटक काढलंय, असं लोक तोंडावर बोलत. सरांनी आम्हाला सांगून टाकलं होतं, "लोक मधेच उठून गेले, तर हे माझं शेवटचं नाटक."

प्रयोग आमच्याच वाडीत झाला. शेवटी वाडी तुटल्याचा आवाज यावा म्हणून पडद्यामागे एका वाळक्या खोडावर कुऱ्हाड चालायची होती. दोन घाव पडले आणि सगळी माणसं उठली. खुर्च्या आडव्या झाल्या, सरांचा चेहरा उतरला. पण लोक फाटकाकडे गेलेच नाहीत. माड कोण तोडतोय, म्हणत पडद्यामागे धावले. सर्वांत पुढे शेजारचे हरीभाऊ. स्वतःची वाडी विकून मोकळे झालेले. त्यांनी कुऱ्हाड हिसकावली, खोड बघितलं आणि शरमले. मग सरांसमोर येऊन म्हणाले, "शेवट परत दाखवा, सर. आता बसतो आम्ही."

दुसऱ्यांदा घाव पडले तेव्हा कोणी हललं नाही. हरीभाऊ मान खाली घालून ऐकत होते. त्यानंतरच्या टाळ्या पार समुद्रापर्यंत गेल्या असतील.

आज सरांची पंच्याहत्तरी. त्यांना आरामखुर्ची भेट द्यायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडा. देव त्यांचे गुडघे आणि आवाज शाबूत ठेवो, भरपूर आयुष्य देवो. सर, शेवटचं नाटक हा विषय तुम्ही आता काढायचा नाही. पुढचं कधी, ते गाव विचारतंय.